शेवटचा बफर

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण गुरुजी लहानपणापासून ऐकत आला होता. पण ती नेमकी कुठे झोंबते, ते त्याला मेहुणा ऑफिसात शेजारच्या टेबलावर येऊन बसल्यावर कळलं.

गुरुजी हे नुसतं टोपणनाव. शाळेशी संबंध नाही. कारखान्यांसाठी राऊटर बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे तो नेटवर्क ड्रायव्हर लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे चिप आणि बाकीचं सॉफ्टवेअर यांच्यातला दुभाषा. चिपवर डेटाचं पॅकेट आलं की ते मेमरीत ठेवायचं, वर कळवायचं, पुढच्याला जागा करायची. हे काम कंपनीत त्या एकट्याला यायचं. कुणाचं अडलं की तो खुर्ची ओढून बसायचा, कागदावर चौकोन काढून समजावायचा. म्हणून गुरुजी.

मेहुण्यालाही त्यानंच शिकवलं. बायकोचा हा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणायचे, आणि तो अंगानं चांगला आडवा झाला तरी म्हणत राहिले. कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसला होता. गुरुजीनं त्याला सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून बाइट, पत्ते, पॉइंटर असं सगळं पाजलं. मग चार ठिकाणी शब्द टाकून कंपनीत चिकटवला. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "जावई नाही, देवमाणूस आहे." गुरुजीला ते मनापासून पटलं होतं.

हे देवपण उतरायला एक नवा बोर्ड पुरला.

नव्या बोर्डवर मेमरी जुन्याच्या निम्मी होती. टीमच्या प्रमुख, त्यांना सगळे मॅडमच म्हणत, त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "ड्रायव्हरचा मेमरी पूल आवरायला हवा. दोघं आपापली मांडणी आणा. ज्याची मांडणी, नवा ड्रायव्हर त्याचा. जुना बोर्ड तसाही आपण बंद करतोय."

म्हणजे ज्याची मांडणी पडेल, त्याच्याकडे बंद पडायच्या बोर्डची राखण. गुरुजीला हे लगेच कळलं. बारक्याला कळलं की नाही कोण जाणे, तो पेन्सिल कुरतडत होता.

आता हा पूल काय ते सांगायला हवं. राऊटर सुरू झाला की ड्रायव्हर मेमरीचा एक मोठा पट्टा आपल्या नावावर करून घेतो. त्याचे एकसारखे तुकडे पाडतो. एकेक तुकडा म्हणजे एकेक बफर. लग्नाच्या मांडवात ताटल्यांची चळत ठेवतात ना, तसं. पॅकेट आलं की वरची ताटली उचल, काम झालं की धुऊन परत वर ठेव. चार पाहुणे असले तर वरच्याच चार ताटल्या फिरत राहतात. अगदी तळातली ताटली कधी लागते? झुंबड उडाली तर.

आणि चिपचा एक हट्ट असतो. प्रत्येक तुकडा चौसष्टच्या पटीतल्या पत्त्यावरच सुरू झाला पाहिजे. मधेच कुठेतरी सुरू केलात तर ती ऐकत नाही.

गुरुजीची जुनी मांडणी ऐसपैस होती. प्रत्येक पॅकेटला गरजेपेक्षा मोठा तुकडा, हट्ट आपोआप पुरा. मेमरी निम्मी झाल्यावर त्यानं काय केलं, तर तुकड्यांची संख्या निम्मी केली. संपलं. बारक्यानं मात्र मोठ्यात मोठं पॅकेट केवढं असतं ते मोजलं, ते चौसष्टच्या पुढच्या पटीपर्यंत वाढवलं आणि तेवढाच तुकडा कापला. त्याच जागेत कितीतरी जास्त तुकडे बसले.

मॅडमनी दोन्ही मांडण्या पाहिल्या. बारक्याची पुन्हा पाहिली.

"ही घेऊ," त्या म्हणाल्या. "गुरुजी, तू रिव्ह्यू कर. तुझ्या हाताखालून गेलं की मला काळजी नाही. ग्राहकाची माणसं येऊन पाहून गेली की ड्रायव्हर रीतसर ह्याच्याकडे."

"भाऊजींनीच शिकवलं मॅडम," बारक्या म्हणाला. "एक बाइट वाया घालवायचा नाही, हे त्यांचंच वाक्य."

गुरुजी हसला. हसताना गाल दुखले.

वाक्य त्याचंच होतं, तेच तर सलत होतं. वर्षानुवर्षं तो लोकांना काटकसर शिकवत होता आणि स्वतः मात्र ऐसपैस पसरून बसला होता. हे त्याला आधी का सुचलं नाही? सुचायला काही अवघड नव्हतं. एवढं सोपं होतं म्हणूनच पोटात दुखत होतं.

रिव्ह्यूला बसला तो उवा काढायला बसल्यासारखा. ओळ न् ओळ विंचरत निघाला. नावं चांगली, टिपा चांगल्या, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि मग त्याला एक खोडलेली ओळ दिसली. जुन्या कोडमध्ये पूलच्या शेवटी त्यानं एक जादा तुकडा ठेवलेला होता. कशासाठी ते कधी लिहिलं नव्हतं. बारक्यानं तो काढून शेजारी टीप ठोकली होती: वापरात नाही, काढला.

वापरात नाही म्हणे. गुरुजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि त्या रागातच त्याला चूक दिसली.

अशी होती चूक. पट्टा मेमरीत कुठे पडेल ते बिल्ड करताना, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवताना ठरतं. तो चौसष्टच्या पटीवर पडेलच असं नाही. नाही पडला तर बारक्याचा कोड थोडं पुढे सरकून, पट गाठून, तिथून तुकडे पाडायचा. ते बरोबर. पण पट्ट्याची लांबी त्यानं तुकड्यांच्या मापाइतकीच, अगदी नेमकी धरली होती. फरशी बसवणारा खोलीच्या मापाच्या नेमक्या फरश्या आणतो, आणि मग पहिली फरशी भिंतीपासून चार बोटं सोडून लावतो. शेवटची फरशी जाणार कुठे? उंबऱ्याबाहेर. सरकण्यापुरती जागा मागे जादा ठेवायची असते. गुरुजीचा तो जादा तुकडा त्यासाठीच होता.

आणि उंबऱ्याबाहेर कोण राहत होतं? राऊटरचा स्वतःचा, नेटवर्कवरचा पत्ता. शेवटच्या बफरमध्ये मोठं पॅकेट आलं की त्याची शेपटी त्या पत्त्यावर पडणार आणि राऊटर स्वतःचं नावच विसरणार.

एक ओळ. एवढंच लिहायचं होतं की बाबा रे, मागे थोडी जागा सोड. गुरुजीनं बोटं कळांवर ठेवली. शेजारी बारक्या हेडफोन लावून मान डोलावत होता. त्याच्या टेबलावर मॅडमनी दिलेला नवा बोर्ड, अजून प्लास्टिकमध्ये.

गुरुजीनं लिहिलं, "चालेल."

त्या संध्याकाळी बायकोनं दार उघडलं तीच हसत. "काय रे, बारक्याचा फोन आला होता. म्हणे भाऊजींनी एका झटक्यात पास केलं, एक शब्द काढला नाही. आई तर म्हणते, आता ह्याचंही लग्न उरकून टाकू."

"ड्रायव्हरशी लाव म्हणावं," गुरुजी बूट काढत म्हणाला.

"जळतोस का?"

"मी कशाला जळू. माझंच झाड आहे ते."

"झाडाला पाणी घालणारे सावलीत बसतात," बायको म्हणाली. "तू फांद्या मोजतोयस."

ती अशी बोलायची. गुरुजी हात धुऊन जेवायला बसला.

पुढे काहीच झालं नाही. हेच त्याला सहन होईना. बारक्याच्या टेबलावर राऊटर मस्त चालला. टेस्टरकडे गेला, तिथेही चालला. टेस्टरला ऑफिसात हातोडा म्हणायचे, कारण त्याच्या हातात गेलेली वस्तू सहसा धड परत येत नसे. पण हातोड्याचे नेहमीचे टोले म्हणजे मध्यम गर्दी. तळातली ताटली कुणी उचलतच नव्हतं.

गुरुजी चहाचा कप घेऊन हातोड्याकडे गेला. उगाच इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मोठी पॅकेटं सोडून बघितलीस का? सगळी एकदम. पूल पार रिकामा होईपर्यंत."

हातोडा त्याच्याकडे बघत राहिला. "मेहुण्यावर एवढं प्रेम?"

"कारखान्यात गेल्यावर फुटण्यापेक्षा इथे फुटलेलं बरं."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. खरं वाक्य बोलून एवढं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी हातोड्याच्या टेबलाशी घोळका जमला. राऊटर पाच मिनिटं झुंजला आणि गप्प झाला. दिवे चालू, पंखा चालू, पण हाक मारली तर ओ देईना. आत शिरून पाहिलं तर त्याचा स्वतःचा पत्ता म्हणजे नुसता कचरा. हातोडा खुशीत म्हणाला, "याला भूल पडली. मी कोण, कुठला, काही आठवत नाही त्याला."

बारक्याचा चेहरा उतरला. त्यानं राऊटर उचलून आपल्या टेबलावर आणला, आपला बिल्ड चढवून तीच गर्दी सोडली, आणि तो सुरळीत चालला. हातोड्याकडे नेऊन त्याचा बिल्ड चढवला, मेला. परत आणला, जिवंत. बारक्याच्या बिल्डमध्ये लॉग, म्हणजे चालताना नोंदी करणाऱ्या ओळी होत्या, हातोड्याच्या बिल्डमधून त्या काढलेल्या. लॉग असताना पट्टा योगायोगानं बरोबर पटीवर पडत होता, काढले की सरकत होता. गुरुजीला हे न बघता कळलं. बारक्याला डोळे फोडून कळेना.

मॅडम म्हणाल्या, "ग्राहकाची माणसं सोमवारी येतायत. त्याच्या आत सापडलं तर ठीक. नाहीतर गुरुजीची मांडणी घेऊ. पॅकेटं थोडी गळतील, पण राऊटर मरणार तरी नाही. ड्रायव्हरही मग त्याच्याकडेच राहू दे."

घास हातातोंडाशी आला होता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात गुरुजी आता चांगला तयार झाला होता.

बारक्या खुर्ची ओढत आला. डोळे तांबारलेले, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. "भाऊजी, जरा बघा ना. मला वाटतं माझ्या मांडणीत नाही, खालच्या जुन्या कोडमध्ये कुठेतरी आहे. पण तो तुमचा आहे, म्हणजे तिथे असणार नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

"मॅडमना सांगितलंस, जुन्या कोडबद्दल?"

"छे. खात्री नसताना तुमचं नाव कसं घेऊ?"

गुरुजीनं स्क्रीनकडे पाहिलं. पट्ट्याच्या लांबीची ती ओळ समोरच होती. बारक्याचं बोट तिच्याच खाली टेकलेलं होतं, त्याच्या नखाला शाई लागली होती.

"केबल बदलून बघितलीस का?" गुरुजी म्हणाला.

बारक्या खरंच उठला आणि केबल बदलायला गेला. जाताना म्हणाला, "हो, ते राहिलंच."

घरी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "आज न्हाणीघरात गाणं म्हणत होतास."

"मग? म्हणू नये का?"

"लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं." सुरी चालूच होती. "बारक्याचा फोन आला होता. जेवणार नाही म्हणाला, काम अडलंय. तुला माहीत आहे काय अडलंय ते?"

"माहीत आहे."

"आणि तू गातोयस."

भाजी नेहमीपेक्षा बारीक चिरली गेली.

शुक्रवारी सकाळी गुरुजी ऑफिसात पोहोचला तर बारक्या हातोड्याच्या टेबलाशी उभा होता. मॅडमही होत्या. टेबलावर काड्यापेट्यांची रांग लावलेली, शेवटची पेटी टेबलाच्या कडेवरून अर्धी बाहेर.

"भाऊजी, सापडलं," बारक्या म्हणाला. आवाज बसला होता, पण तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. "केबल बदलत बसलो तेव्हा सुचलं. म्हटलं, केबल बदलून फरक नाही, बिल्ड बदलला की फरक, म्हणजे मेमरीत काहीतरी सरकतंय. मग हातोड्याच्याच बिल्डमध्ये पूल आणि त्याच्या पुढची जागा सगळी एकाच खुणेनं भरून ठेवली आणि गर्दी सोडली. खुणा कुठे पुसल्या ते पाहिलं. पूलच्या बाहेर पुसल्या होत्या." त्यानं पेट्यांची रांग थोडी सरकवली. शेवटची पेटी खाली पडली. "पहिला तुकडा सरकतो, म्हणून शेवटचा पडतो. भाऊजींच्या कोडमध्ये मागे एक जादा तुकडा होता. मी शहाणा, वापरात नाही म्हणून काढला. तो ह्यासाठी होता."

मॅडमनी पेटी उचलून परत टेबलावर ठेवली. "सुरेख. आणि दुरुस्ती?"

"मागे सरकण्यापुरती जागा. एक ओळ. तुकडे तेवढेच राहतात."

"म्हणजे मांडणी तीच." मॅडम गुरुजीकडे वळल्या. "हे तुझ्या नजरेतून कसं निसटलं रे? तुझाच तुकडा काढला होता."

आपल्याला हे कुणी विचारेल, हेच गुरुजीच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पण बारक्याच मधे पडला.

"निसटणारच मॅडम. बारीक आहे फार. मला माझं स्वतःचं सापडायला एवढे दिवस लागले. भाऊजींना शंभर कामं, वरवर पाहिलं असेल. माझ्यावर विश्वास टाकला त्यांनी."

किती सोपी वाट होती. नुसती मान हलवायची. हो, वरवर पाहिलं. कुणी काही म्हणालं नसतं, तासाभरात सगळे विसरले असते.

"होतं असं," मॅडम म्हणाल्या. "बरं झालं, आता एक तरी तेज नजर आहे आपल्याकडे."

"चेला गुरूच्या पुढे गेला," हातोडा म्हणाला. "गुरुजी, आता तुम्ही त्याच्या वर्गात बसा."

सगळे हसले. बारक्यासुद्धा हसला, जरा लाजून, मान खाली घालून. आणि ते लाजणं गुरुजीच्या काळजात घुसलं. ह्या पोराला खरंच वाटत होतं की आपल्याला जे दिसलं ते भाऊजींना दिसलं नाही. आयुष्यभर वाटत राहणार. सासूबाईंना सांगणार, पुढे कुणाला शिकवताना काड्यापेट्या मांडून सांगणार.

"मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं," गुरुजी म्हणाला.

हसणं एकदम थांबलं नाही. विरत गेलं, एकेकाचं.

"काय पाहिलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

"हेच. जागा मागे सोडली नाही ते. पत्त्यावर शेपटी पडणार ते. वाचताक्षणी दिसलं." तो थांबू शकला असता, पण जीभ सुटली होती. "लॉगवाल्या बिल्डमध्ये का मरत नाही तेही माहीत होतं. मोठी पॅकेटं सोडा, हेही मीच सांगितलं. विचारा याला."

हातोड्यानं हळूच मान डोलावली. "सांगितलं होतं. कप घेऊन आले होते." मग म्हणाला, "मला वाटलं काळजी."

बारक्यानं काड्यापेट्या गोळा केल्या, एकेक करून, आणि खिशात भरल्या. मॅडम ओरडतील असं गुरुजीला वाटलं होतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नवा ड्रायव्हर आजपासून याच्याकडे. सोमवारची वाट बघायला नको. गुरुजी, जुना बोर्ड तू बघ. बंद होईपर्यंत."

आणि त्या गेल्या.

गुरुजी जागेवर येऊन बसला. हातून ड्रायव्हर गेला होता, तोंड काळं झालं होतं, आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात एक चिमूटभर समाधान वळवळत होतं, की निदान आंधळा तरी नाही म्हणणार कुणी. त्या समाधानाचीच त्याला किळस आली.

जेवणाच्या सुट्टीनंतर बारक्या आला. खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

"ताईला मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "सांगायचं तर तुम्ही सांगा."

"बरं."

"आणखी काही दिसलं होतं का? त्या दिवशी. चालेल लिहिलंत तेव्हा."

टोमणा असेल म्हणून गुरुजीनं वर पाहिलं. टोमणा नव्हता. सोमवारी माणसं येणार होती आणि बारक्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तो अजून विचारत होता. एवढं होऊनही अडलं तर भाऊजींनाच विचारत होता.

"एक आहे," गुरुजी म्हणाला. हा दगड त्यानं राखून ठेवला होता, पहिल्यानं काम झालं नाही तर असावा म्हणून. "पॅकेट खराब निघालं की तुझा कोड तिथूनच बाहेर पडतो. तो बफर चळतीत परत जात नाही. असे दहा-वीस गेले की पूल हळूहळू आटत जाईल."

बारक्यानं वाकून कोड उघडला. वर सरकवला, खाली सरकवला. त्याचा खांदा गुरुजीच्या खांद्याला लागला, तसा त्यानं तो काढून घेतला.

"जातो की," तो म्हणाला. "खराब असो, चांगलं असो, बफर परत ठेवायचं काम मी वरच्या फंक्शनला दिलंय. सगळ्यांसाठी एकच जागा. हे बघा."

गुरुजीनं वाचलं. पुन्हा वाचलं. जात होता. प्रत्येक वाट फिरून त्या एकाच दारातून बाहेर पडत होती. त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये हेच काम सात ठिकाणी विखुरलेलं होतं. त्यानं त्या दिवशी हे पानच नीट वाचलं नव्हतं. पहिली चूक सापडल्यावर पुढचं नुसतं चाळलं होतं.

"दिसलं का?" बारक्यानं विचारलं.

"नव्हतं दिसलं," गुरुजी म्हणाला.

बारक्या मान हलवून आपल्या टेबलाकडे गेला, हेडफोन चढवले आणि कामाला लागला. गुरुजी बराच वेळ तेच पान उघडं ठेवून बसला. जुन्या बोर्डचं काम पडलं होतं, ते सुरू करायला हवं होतं. पण त्या फंक्शनवरून त्याची नजर हलेना. इतकं सुबक लिहिलं होतं मेल्यानं.